झाकण शिवेच्या आत

इंदिरानगर, नाशिक
२२ नोव्हेंबर १९९८

तीर्थरूप दादास सिंधूचा दंडवत.

उजवा गुडघा कसा आहे? थंडी पडली की तो कुरकुरतो हे मला ठाऊक आहे, आणि तू कुणाला सांगत नाहीस हेही ठाऊक आहे. आक्काबाई वहिनीचा खोकला थांबला का? अडुळशाचा काढा घेते म्हणते आणि चुलीमागे ओतून देते, तिच्यावर लक्ष ठेव. तांबडी गाय व्याली का? म्हातारा काळू कुत्रा अजून दारातच पडून असतो, की त्यालाही लोकांनी माळावर नेलं? धनराज गुरुजी, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवणार, म्हणून तुम्हालाही विचारते, नागलीची भाकर पोटाला मानवली का? देवळ्याकडचा माणूस बाजरीवर वाढलेला, आमच्या डोंगरात त्याचे हाल होतात.

इकडे सगळं ठीक. ह्यांना एसटीतून निवृत्त होऊन वर्ष झालं तरी उठल्याबरोबर चपला शोधतात आणि मग आठवतं की गाडी दुसऱ्यानं नेली.

गुरुजी, तुम्ही वाचताय आणि दादा दुसरीकडे तोंड करून बसलाय, हे मला इथून दिसतंय. बसू दे. गाव उठवायच्या सभेत ज्यांनी हात वर केले त्यांच्याशी बोलायचं नाही असं त्यानं ठरवलंय, आणि पहिला हात पाड्यातल्याच माझ्या नवऱ्याचा. मग मी कशी सुटेन? तुम्ही परगावचे, म्हणून तुमच्याशी तेवढं बोलतो. पण ऐकायचं नाही असं काही तो म्हणाला नव्हता. कान उघडे असतात, तोंड कुठंही असो.

सगळा पाडा माळावरच्या नव्या गावात गेला. खाली उरलात तू, वहिनी, गाय आणि वाघदेवाचं रान. येत्या पावसाळ्यात धरणाची दारं लावणार आहेत. त्याबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही. लिहिलं की तू उठून जाशील आणि गुरुजींना गाईला वाचून दाखवावं लागेल.

मी एक नवल सांगायला बसलेय. आमच्या शेजारी ज्योत्स्नाताई राहतात, शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेले तर टेबलावर काचेची मोठी बरणी. आत माती, मातीवर हिरवंगार शेवाळ, शेवाळात बोटभर नेचे. आणि झाकण घट्ट लावलेलं! मी म्हटलं, "अहो ताई, झाकण काढा, जीव गुदमरेल त्यांचा." त्या हसायला लागल्या. "सिंधूबाई, गेल्या वर्षी लावलंय ते. तेव्हापासून पाणीसुद्धा घातलेलं नाही."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण बघता बघता काचेच्या आतल्या अंगाला एक थेंब जमला, जड झाला आणि घरंगळत मातीत गेला. कुणी घातला तो थेंब? दादा, माझ्या हातातला तिळगूळ... नाही, तो संक्रांतीचा. हा दिवाळीचा लाडू होता... तो हातातच राहिला.

घरी आल्याबरोबर वाण्याकडून गोळ्यांची रिकामी बरणी आणली. माती भरली, कुंडीतला नेचा लावला आणि तुळशीला घालतात तसं तांब्याभर पाणी घातलं. चार दिवसांत सगळं कुजलं. असा वास सुटला की हे नाक धरून बाहेर जाऊन बसले. दुसऱ्या खेपेला पाणी कमी घातलं, पण बरणी ठेवली गॅलरीतल्या उन्हात. काच तापली आणि आतलं सगळं वाफेवर शिजलं. हे म्हणाले, "फोडणी कधी घालतेस?"

मी सोडणार नाही. तूही हट्टी आणि मीही तुझीच बहीण.

पत्राचं उत्तर दे. काही म्हणायचं नसेल तर तेवढं तरी कळव.

तुझी,
सिंधू

*

इंदिरानगर
१७ जानेवारी १९९९

तीर्थरूप दादास दंडवत. गुडघ्याला निर्गुडीचा पाला शेकून बांध. वहिनीनं चुलीमागची जागा बदलली म्हणे, आता काढा परसात ओतते. गाईला कालवड झाली, फार बरं वाटलं. (हे मला कसं कळलं ते विचारू नकोस. तुमच्याकडे येणाऱ्या पेठ गाडीचे ड्रायव्हर ह्यांच्या हाताखाली शिकलेले आहेत, आणि हे रोज फेरफटका मारायला म्हणून स्टँडवरच जातात. मी काही बोलत नाही. ते समजतात मला माहीत नाही.)

गुरुजींचं कार्ड मिळालं. "आपले बंधू म्हणतात की त्यांना काहीही म्हणायचे नाही. असे ते दोनदा म्हणाले." मला इतका आनंद झाला! दोनदा म्हणाला म्हणजे एकदा म्हणून भागलं नाही. खाली गुरुजींनी लिहिलंय, "बरणीचे पुढे काय झाले असे आपल्या वहिनी विचारतात." वहिनीला मी ओळखते. तिला झाडापेक्षा माणसांच्या भानगडीत गोडी. हा प्रश्न तिचा नाही.

तर ऐक, ज्याचा कुणाचा असेल त्यानं.

तिसरी बरणी जगली. ज्योत्स्नाताईंनी सांगितलं तसं केलं. तळाला बारीक खडी, त्यावर कोळशाचे तुकडे, त्यावर नारळाच्या शेंडीचा पातळ थर, म्हणजे माती खाली गळत नाही. मग माती, मग रोपं. पाणी तांब्यानं नाही, चमच्यानं. आणि ऊन लागणार नाही पण उजेड पोचेल अशा जागी ठेवायची. कोळसा कशाला, तर जास्तीचं पाणी सडू नये म्हणून. आपण माठात टाकायचो तसाच.

आता त्या बरणीत काय होतं सांगू? मी सकाळी चहा घेऊन समोर बसते. काच धुक्यानं भरलेली असते, आपल्या घाटात असते तशी. आतलं काही दिसत नाही. मग उजेड वाढतो, धुक्याचे मणी होतात, मण्यांचे थेंब होतात आणि एक एक थेंब काचेवरून खाली उतरतो. दुपारपर्यंत काच लख्ख. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दादा, हा पाऊस आहे! वीतभर आभाळाचा पाऊस. तेच पाणी वर जातं, तेच खाली येतं, आणि मी नुसती बघणारी. मी बसच्या पाट्या वाचून अक्षरं शिकले, मला शास्त्र कुठून येणार? पण हे बघताना देवळात उभं राहिल्यासारखं होतं. परवा ह्यांनाही बळंच बसवलं. बराच वेळ बघत होते. मग एवढंच म्हणाले, "ड्रायव्हर नाही, कंडक्टर नाही, आणि गाडी वेळेवर."

एक मागणं आहे. रानातल्या झऱ्याजवळ तो काळा दगड आहे ना, त्याच्यावरचं चिमूटभर शेवाळ आणि हंसराजाच्या नेच्याचं एक रोप गुरुजींबरोबर पाठवशील? सगळं पाण्यात जाणारच आहे, तर निदान एवढं माझ्याकडे राहील.

उत्तराची वाट बघते.

सिंधू

*

इंदिरानगर
२८ फेब्रुवारी १९९९

दादास दंडवत.

आज कुणाच्या तब्येती विचारत नाही. विचारायला तोंड नाही.

गुरुजींनी सगळं लिहिलं. तू पत्र त्यांच्या हातातून ओढून घेतलंस, उलटं धरून त्याच्याकडे बघत राहिलास आणि परत दिलंस. म्हणालास, "रानातलं कुसळ शिवेबाहेर जात नाय. तिला इचारा, आई काय करायची ते इसरली का?"

विसरले नाही रे. रानातून निघताना आई आपल्याला शिवेवर थांबवायची. अंगावरचे कपडे झटकायची. माझ्या वेणीतून एखादं पान निघालं तर ते उचलून आत ठेवायची, फेकायची नाही, ठेवायची. ओहोळात पाय धुवायला लावायची, नखातली माती काढायला लावायची. आत नेलेलं चालतं, बाहेर आणलेलं चालत नाही. तुला एकदा जांभूळ तोंडात ठेवून येताना पकडलं होतं तर बी थुंकायला परत पाठवलं होतं, आठवतं? बी जिथलं तिथं. वाघदेवाचा खांब माळावर नेला गावानं, पण तू म्हणालास की खांब म्हणजे देव नाय, रान म्हणजे देव, आणि रान हलत नाय. म्हणून तू हलत नाहीस. हे मला समजतं. समजतं म्हणूनच तर भीती वाटते. तू माझा एकुलता भाऊ आहेस आणि पाणी चढताना कुणाला विचारत नाही.

बघ, लिहिणार नाही म्हटलं होतं आणि लिहिलं. गुरुजी, हा मजकूर वाचून झाला असेल तर थोडं थांबा. तो उठला असेल तर परत बसेल. गुडघा त्याला लांब जाऊ देत नाही.

शेवाळ नको मला. माझ्या बरणीत कुंडीतलंच आहे, तेच छान आहे. तिच्यातली एक गोष्ट तेवढी सांगते आणि आवरते. नेच्याचं एक पान पिवळं होऊन गळलं. मला काढायचं होतं, पण झाकण उघडायला मन होईना. ते तिथंच पडलं, काळं पडलं, मातीला चिकटलं आणि मग दिसेनासं झालं. आणि त्याच जागी, दादा, शेवाळातून नवा कोंब वर आला, टोकाला गुंडाळलेला, तान्ह्या पोराच्या मुठीसारखा. पान बाहेर गेलं नाही. आतलं आतच राहिलं आणि तेच पुन्हा उभं राहिलं. मी कितीतरी वेळ बघत बसले. दूध उतू गेलं.

रागावला असशील तर रागाचं तरी उत्तर पाठव.

सिंधू

*

इंदिरानगर
११ एप्रिल १९९९

दादा, माझ्या दादा,

गुरुजींचं पत्र मी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी चष्मा काढून पुसला. पुसायला काही नव्हतं.

गुरुजी लिहितात, एकदा शाळा सुटायच्या वेळी गुडघा ओढत माळ चढून त्यांच्याकडे गेलास आणि शाळेच्या पायरीवर बसलास. विचारलंस, "झाकण लावल्यावर आतलं काय बाहेर जातं?" गुरुजी म्हणाले, काही नाही. "वास?" नाही. "पाणी?" तेही नाही, झाकण घट्ट असलं तर. मग तू जमिनीवर काडीनं एक गोल काढलास आणि म्हणालास, "मंग झाकण शिवेच्या आतच लावलं, तर शीव कुठं ऱ्हाते?"

गुरुजी विचार करून म्हणाले, "झाकणावर." आणि तू काडी टाकून घरी गेलास.

दादा, मी गेले कित्येक महिने त्या काचेसमोर बसून नवल करत होते आणि हे मला दिसलं नाही! बरणी रानात न्यायची. रानातच भरायची. रानातच बंद करायची. मग रानातून काहीच बाहेर आलेलं नाही, कारण रान आपली शीव घेऊनच चाललंय. आईनं हे ऐकलं असतं तर काय म्हणाली असती? काही म्हणाली नसती. बरणीचं बूड झटकलं असतं.

आता बाकीचं सगळं बाजूला ठेव आणि नीट ऐक. गुरुजी, सावकाश वाचा, लागलं तर दोनदा.

बरणी पाठवतेय. मोठी आहे, तोंडातून हात आत जातो आणि झाकणाला आतून रबर आहे. ह्यांच्या ओळखीचा ड्रायव्हर आणून देईल. बरणी धुऊन पुसून कोरडी कर. ओहोळातली बारीक खडी घे, तळाला दोन बोटं उंच. चुलीतले विझलेले कोळसे फोडून त्यावर पसर, राख नको. मग नारळाची शेंडी मोकळी करून अंथर. माती झाडाखालची काळी घे, पाला कुजून झालेली, हातात घेतली की सैल सुटणारी. दाबून भरू नकोस. तिच्यात काय काय असेल, बिया, किडे, आपल्याला न दिसणारं, ते वेचायला जाऊ नकोस. रान जसं आहे तसं घे. हंसराजाचं लहान रोप घे, मोठं नको, मोठं आत वाकून बसतं. मुळाची माती झटकायची नाही. काळ्या दगडावरचं शेवाळ नखानं नाही, सुरीनं हळू सोडव, घडी घातलेल्या कापडासारखं येतं, आणि मातीवर तळहातानं बसव. काचेला पानं टेकू देऊ नकोस. झऱ्याचं पाणी ओंजळीत घेऊन बोटांनी शिंपड, हळदीकुंकवाला गुलाबपाणी शिंपडतात तसं. माती ओली दिसली की थांब. तुला वाटेल कमी झालं. कमीच बरं.

मग झाकण लाव. बरणी बाहेरून पूस. फडकं तिथंच ठेव. हात तिथंच धू. नखं बघ.

आणि दादा, बरणी बंद झाली की शीव तुझ्या हातात आहे. मग तू जिथं जाशील तिथं रान आहे. मग तुला तिथं एकट्यानं थांबायचं कारण नाही. मी जास्त लिहीत नाही. तुला कळलंय. तुला माझ्या आधी कळलं.

कधी निघतोस तेवढं कळव.

सिंधू

*

इंदिरानगर
२० जून १९९९

दादास आणि वहिनीस दंडवत.

वहिनी, माळावरची हवा खोकल्याला मानवली म्हणे. कालवड उड्या मारते ना? काळू आला का चढून? दादाचा गुडघा चढणीनं सुजला असेल, मीठ टाकून गरम पाण्याचा शेक दे.

तुम्ही वर आलात हे ऐकून मी देवापुढे साखर ठेवली. गुरुजींनी असं लिहिलंय की मला सगळं दिसलं: पुढं दादा, घोंगडीत गुंडाळलेली बरणी डोक्यावर, दोन्ही हातांनी धरलेली. मागं वहिनी गाय घेऊन. सगळा पाडा चढाच्या वर उभा. दादा जवळ आला तसे लोक आपोआप पाय झटकायला लागले. गुरुजी म्हणतात, त्यांच्या तोंडातून त्यांची घरची बोली निघाली, "हाई काय शे?" आणि मग त्यांनीही पाय झटकले.

एक कळलं ते सांगते. बरणी ड्रायव्हरच्या हाती पाठवतो असं हे मला म्हणाले होते. त्या दिवशी घरी आले ते शर्टाला काटे, आणि पिशवीत अर्धी नागलीची भाकर. मी विचारलं तर म्हणाले, स्टँडवर कुणी दिली. दादा, नाशिकच्या स्टँडवर तशी जाड भाकर कोण देतं? तू ह्यांच्याशी बोलला नसशीलच. पण अर्धी मोडून पुढं ठेवलीस. मी ती तव्यावर गरम करून दोघांत खाल्ली.

आता त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल. गुरुजींच्या पत्राचा शेवट वाचून मी तशीच उठून ज्योत्स्नाताईंकडे गेले.

बरणी बंद करताना तू नैवेद्य ठेवलास, भाताचा गोळा आणि मूठभर नागली, आणि आता आत बुरशीनं पांढरं पडतंय. तुझी काही चूक नाही. मी एवढं सगळं सांगितलं आणि हे सांगायचं राहिलं, पण मला तरी कसं सुचणार? देवाला आत बसवायचं आणि उपाशी ठेवायचं, असं आपल्यात कुणी केलंय का? ज्योत्स्नाताईंना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. शिजलेल्या भाताला बुरशी येणारच. कापसासारखी पांढरी वाढते आणि रोपांवर चढते. त्या म्हणतात, झाकण उघडा, चमच्यानं भात काढा, पुसून घ्या आणि पुन्हा लावा.

हे सोपं आहे. आणि हेच करता येत नाही. माळावर झाकण उघडलं तर रान शिवेबाहेर आलं, मग सगळंच व्यर्थ. लोक म्हणतायत देव कोपला, त्याला परत न्यायला सांगतोय. आणि तू म्हणालास की बरणी घेऊन खाली जातो, रानात जाऊन उघडतो.

दादा, खाली पाणी आहे आता. ओहोळ ओलांडता येत नाही असं ड्रायव्हर सांगतात. तू जाऊ नकोस. हात जोडते. ज्या हातानं अर्धी भाकर दिलीस त्याची शपथ घालते.

मला शास्त्र येत नाही. पण मी सकाळपासून एकच विचार करतेय. आपल्या रानात मेलेलं पाखरू पडायचं, फांदी मोडून पडायची, गावाचा नैवेद्य पडून राहायचा. तिथं कधी कुणी झाडू मारला? बुरशी तिथंही यायची, पांढरी, पिवळी, आपण बघायचो. मग काय व्हायचं तिचं? कुणीतरी आवरायचं ना? तू माती वेचली नाहीस. जसं रान होतं तसं घेतलंस. मग ते आवरणारंही आत आलं असेल. त्याला वेळ दे. बरणी सावलीत ठेव, हात लावू नकोस, आणि मी येईपर्यंत माळ सोडू नकोस. लावण्या उरकून वाट चालण्यासारखी झाली की मी आलेच.

खात्री मी देत नाही. माझ्याकडे नाही. पण तुझ्याकडे तरी देव आहे.

ताबडतोब लिही. गुरुजी, तो काही न म्हणाला तरी तो घरात आहे एवढं तुम्ही रोज लिहा.

सिंधू

*

इंदिरानगर
५ सप्टेंबर १९९९

तीर्थरूप दादास दंडवत.

परवा रात्री घरी पोचलो. हे बरे आहेत, पाय तेवढे भरून आलेत. माझीही कंबर धरली आहे. वहिनी, तू बांधून दिलेली चटणी गाडीतच निम्मी संपली. गुरुजींच्या पोटाचं नागलीच्या भाकरीशी जमलं हे बघून आले, आता तीन खातात. कालवडीनं माझा पदर चघळला, त्याचा डाग निघत नाही, मी काढतही नाही.

तुम्ही सगळे तिथंच होतात, तुम्हाला काय सांगायचं? पण मला लिहून काढल्याशिवाय राहवत नाही. गुरुजी, थोडं लांबेल, पाणी पिऊन घ्या.

तुझी नवी खोप. खोपीतल्या कोपऱ्यात तू दगड मांडून गोल शीव केलीस आणि मधे पाटावर बरणी. मी आत आले तेव्हा तू उठला नाहीस. माझ्याकडे बघितलंही नाहीस. नुसता थोडा बाजूला सरकलास, म्हणजे मला दिसेल असा. मी दगडांच्या आत पाय ठेवला आणि गुडघ्यावर बसले.

भात नव्हता. बुरशी नव्हती. जिथं गोळा होता तिथं काळीभोर माती, आणि तिच्यावर काही तरी हलत होतं. मी नाक काचेला लावलं. पांढरे, राईच्या दाण्याहून बारीक जीव, शेकड्यानं, मधेच टुणकन उडी मारणारे. ते भात खात होते की बुरशी खात होते, देव जाणे. ज्योत्स्नाताईंना इथं आल्यावर विचारलं तर त्या म्हणाल्या, असे किडे रानातल्या मातीत असतात, बुरशी हेच त्यांचं जेवण, ताईंच्या बरणीत नाहीत, त्यांनी माती भाजून घेतली होती. म्हणजे दादा, नैवेद्य देवाच्या माणसांनीच खाल्ला. पंगत बसली होती आत, आणि आपण कोप समजत होतो.

आणि नागली उगवली आहे! बारीक, फिकट, पण उभी. हंसराजाला नवी पानं, देठ वहिनीच्या केसासारखे काळे. आणि मधोमध, जिथं कुणी काही लावलं नव्हतं, तिथं ते दोन पानांचं रोप. वहिनी म्हणाली, "जांभूळच ते. पानं बघ." बी मातीतून आलं असेल. मला एकदम ते दुसरं बी आठवलं, तोंडातून थुंकायला लावलेलं, आणि मला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं. तू बघितलंस. बघितलं नाही असं दाखवलंस.

वहिनीनंच विचारलं, "झाड हाय ते. वाढंल, झाकणाला लागंल, मंग काय करणार?" तू तिच्याकडे बघून म्हणालास, "तवा शीव मोठी करू." बस. जसं काही अंगण सारवायचं आहे. माझ्या डोळ्यांपुढे सगळा माळ हिरवा झाला, आणि तू चिलीम शोधायला लागलास.

सकाळी आपण सगळे माळाच्या कडेला गेलो. खाली पाणीच पाणी. रानाच्या जागी आंब्याचा शेंडा तेवढा वर होता आणि त्याच्यावर एक बगळा. कुणी रडलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण परत खोपीत आलो तेव्हा काच धुक्यानं भरली होती. तू पुढं बसलास, तुझ्यामागं हे, मग मी, मग दारात सगळा पाडा, पोरंटोरं, म्हाताऱ्या. उजेड आत आला. धुक्याचे मणी झाले. आणि पहिला थेंब उतरला, जांभळाच्या पानावर टेकला आणि पान वाकलं. पाण्याखाली गेलेल्या रानात पाऊस पडला, दादा. आपण सगळ्यांनी बघितला. त्या गर्दीत एक पोरसुद्धा खोकलं नाही, आणि वहिनी तर नाहीच.

मग आमची निघायची वेळ झाली. हे बाहेर जाऊन चपला शोधत होते. मी उठले, दगडांच्या बाहेर आले आणि सवयीनं पाय झटकले, साडी झटकली, वेणीवरून हात फिरवला. निघणार, तेवढ्यात मागून तू म्हणालास,

"पदर ऱ्हायला."

मी वळले. तू माझ्याकडेच बघत होतास. गुरुजींकडे नाही, वहिनीकडे नाही. माझ्याकडे.

मी पदर झटकला. शेवाळाचा एक तुकडाही नव्हता त्याच्यात, बरणी तर बंदच होती. तरी झटकला, नीट, दोन्ही टोकं धरून, आई झटकायची तसा. तू मान हलवलीस. मग मी गाडीत बसले आणि घाट उतरेपर्यंत ह्यांना एक शब्द बोलू दिला नाही. मला तो शब्द तसाच कानात ठेवायचा होता.

आता एक मागणं, आणि हे शेवाळाचं नाही. पुढचं पत्र गुरुजींच्या अक्षरात चालेल, पण त्यांच्या शब्दांत नको. तू सांग, त्यांनी फक्त लिहायचं. फार काही नको. आज सकाळी बरणीत पाऊस पडला का, एवढंच. पण उलट टपाली कळव, दादा. मी पोस्टमनच्या वाटेवर खुर्ची टाकून बसलेय.

तुझीच,
सिंधू